फुलात नसलेला निळा

नीळकाकांना रंगातलं काही शिकवायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा रंगकारखाना होता. नाव कारखाना, पण खरं म्हणजे एक लांबट खोली, तीन हौद, भट्टीवरचं तांब्याचं मोठं भांडं आणि वर गच्चीत दोऱ्याच दोऱ्या. कोणी रंग उडालेला पडदा घेऊन आलं की काका तो खिडकीशी नेऊन चिमटीत धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "यात खाली पिवळा दडलाय. तो बाहेर काढल्याशिवाय तुमचा निळा बसायचा नाही." आणि तसंच निघायचं. गिरणीकामगारांचे निळे सदरे रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, म्हणून गल्लीतल्या पोरांनी नाव पाडलं नीळकाका. पुढे पोस्टमनही त्याच नावाने हाक मारू लागला.

त्यांचं एक ठाम मत होतं. रंग आपोआप येत नाही. कुठून तरी आणावा लागतो. मुळातून, पानातून, दगडातून, नाहीतर कंपनीच्या डब्यातून. ज्यात जो रंग नाही, त्यातून तो निघणार नाही. हे ते इतक्या खात्रीने सांगायचे, की ऐकणारा मान डोलावून मोकळा व्हायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी हातांनी संप पुकारला. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तळवे सोलून निघाले आणि खाज अशी सुटायची की काका जेवता जेवता हात मांडीवर घासायचे. चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून हात पाहिले आणि विचारलं, "काका, हात हवेत की हौद?"

"दोन्ही हवेत."

"दोन्ही मिळणार नाहीत."

काकांनी हौद रिकामे केले. सदरे आता बाहेरून तयारच येऊ लागले होते, त्यामुळे फार कोणाचं अडलं नाही. हे न अडणंच त्यांना जास्त लागलं. दिवसभर ते खिडकीशी बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कपड्यांचे रंग ओळखत राहायचे. काकू शिलाईचं काम करायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मशीन थांबवलं.

"अहो, समोरच्या बाईच्या ओढणीचा रंग तुम्ही मला आज चौथ्यांदा सांगताय. जा, जरा बाबांच्या जमिनीवर फेरी मारून या."

बाबांची जमीन म्हणजे काकूंच्या वडिलांनी त्यांच्या नावे ठेवलेला दीड एकराचा तुकडा. गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडे. भावांच्या वाट्याला काळी जमीन आली आणि बहिणीच्या वाट्याला ही चोपण. ओली झाली की पायाला गोळे चिकटतील, वाळली की कुदळ उसळून परत येईल आणि वर पांढऱ्या खाराची साय. त्यात गवतसुद्धा मन मारून उगवायचं. "बाबांनी मला जमीन दिली की शिक्षा, कोण जाणे," असं काकू म्हणायच्या, पण वडिलांची म्हणून विकायला तयार नव्हत्या.

त्या वाटेवर शेतकीशाळेच्या एक निवृत्त बाई राहायच्या. एकट्या, काटक, डोक्यावर कायम कापडी टोपी. काका रोज रिकाम्या शेतावर जाऊन रिकामे परत येतात हे त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि एक दिवस कुंपणावरून हटकलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच शेतावर आल्या, चार ठिकाणची माती रुमालात बांधून घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी त्यांनी काकांना आपल्या अंगणात बोलावून निकाल सांगितला.

"तुमच्या जमिनीत खार आहे, चांगलाच आहे. भाजी विसरा, धान्य विसरा. पण एक फूल आहे, ते हा खार सोसतं. कॅमोमाइल. वाळलेल्या फुलांचा लोक चहा करतात. आणि तेल निघालं तर त्याला फार मान आहे."

"फुलाचं तेल? अत्तर म्हणायचं का?"

"अत्तराहून औषधी जास्त. आधी फूल तर येऊ दे."

त्यांनी कागदाची एक पुडी काकांच्या हातावर ठेवली. आत चिमूटभर करडी पूड.

"बी कुठाय?"

"हेच बी. या चिमटीत दहा हजारांच्या वर असतील."

काकांनी नीट बघायला पुडी नाकाशी नेली आणि त्यांना शिंक आली. निम्मं बी बाईंच्या अंगणात गेलं. बाई म्हणाल्या, "चला, माझ्याकडेही येईल आता." आणि दुसरी पुडी आणून दिली. ती मात्र काकूंच्या हातात देण्याच्या अटीवर.

थंडीच्या तोंडावर काम सुरू झालं. आधी जमिनीत कालव्याचं पाणी दोनदा तुंबवून खार खाली जिरवला, शेणखत घातलं. वाफा चाळणीने चाळल्यासारखा मऊ केला. बी बारीक रेतीत मिसळून वरच्या वर भुरभुरलं. काका सवयीने माती लोटायला गेले, तर बाई ओरडल्या, "झाकू नका! त्याला उजेड लागतो. उघड्यावर रुजणारं बी आहे ते." महिनाभराने बोटभर उंचीची रोपं शेतात लावली. पानं कसली, हिरव्या दोऱ्याचे तुकडेच. काकूंना विश्वास नव्हता. "ही वाऱ्याने उडून जातील," त्या म्हणाल्या. पण उडाली नाहीत. खाराची साय फोडून ती गुडघ्यापर्यंत आली आणि थंडी ओसरता ओसरता एका सकाळी सगळा पट्टा पांढरा झाला.

काका बांधावर उभे राहिले ते उभेच. ही जमीन त्यांनी आजवर पांढरीच पाहिली होती, पण तो पांढरा वेगळा. आता तिथे बोटाच्या नखाएवढी फुलं होती, मधे पिवळी गुंडी, भोवती पांढऱ्या पाकळ्या, त्याही खाली झुकलेल्या. बाईंनी एक फूल नखाने उभं चिरून दाखवलं. पिवळी गुंडी आतून पोकळ होती. "पोकळ असेल तर खरं. भरीव निघालं तर भलतंच फूल." सगळ्या शेतावर सफरचंदाचा आणि ताज्या गवताचा मिळून वास दरवळत होता. काकूंनी वडिलांच्या जमिनीवर पहिल्यांदा मोठा श्वास घेतला आणि लगेच कंबर कसली, कारण फुलं थांबत नाहीत. आज तोडली नाहीत तर पाकळ्या गळतात. सुताराकडून लाकडी दातांचं सूप करून घेतलं. ते झुडपात घालून वर ओढलं की फुलं आत आणि देठ बाहेर. दर दहा-बारा दिवसांनी एक तोडा, असे चार तोडे निघाले. फुलं रंगकारखान्याच्या खोलीत, सावलीत, जुन्या चादरींवर पसरली.

तेल काढायचं म्हणजे वाफ हवी आणि वाफेशी काकांची जुनी ओळख. भट्टी होती, तांब्याचं भांडं होतं. तांबटाने त्यावर घुमटासारखं झाकण आणि हत्तीच्या सोंडेसारखी नळी बसवून दिली. नळीचं वेटोळं पाण्याच्या पिंपातून न्यायचं, आत वाफ निवते, दुसऱ्या टोकाला पाणी ठिबकतं आणि पाण्यावर तेल तरंगतं. भांड्यात जाळीवर पाच किलो वाळली फुलं आणि खाली पाणी घालून काकांनी पहाटे भट्टी पेटवली. काकू शेवटच्या तोड्यासाठी शेतावर गेल्या.

तासाभराने नळीच्या तोंडाशी पहिला थेंब जमला. काका वाकले. थेंब निळा होता.

फिका नव्हे. शाईसारखा, गडद निळा. पाण्यावर त्याची वर्तुळं तरंगू लागली. चाळीस वर्षं याच भांड्यात निळा उकळला, तो सांध्यासांध्यात बसला असणार आणि आज वाफेने सुटून आला, असं त्यांनी धरलं. दुपारपर्यंत जे जमलं, ते, चांगले चार चमचे, त्यांनी एका शब्दाने कोणाला न विचारता मोरीत ओतून दिलं. वर बादलीभर पाणी टाकलं.

संध्याकाळी काकूंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "चार महिने कंबर मोडली आणि तुम्ही मोरीला पाजलंत?"

"निळं होतं ते, अगं! लोक अंगाला लावणार, कोणाला पोटात गेलं तर?"

"मग भांडं घासा. तुमचा रंग तुम्हीच काढा."

काकांनी भांडं राखेने घासलं, व्हिनेगरने घासलं, सोड्याच्या पाण्यात उकळलं. मग नुसतं पाणी घालून तीन तास वाफ काढली. नळीतून काचेसारखं स्वच्छ पाणी आलं. पांढऱ्या रुमालावर घेतलं, डाग नाही. आता ठीक म्हणून त्यांनी पुन्हा फुलं भरली. पुन्हा निळा.

मग त्यांनी तांबटाला गाठलं. तांबट भडकला. "माझं तांबं पाण्यात उतरतं तेव्हा पाण्यालाच रंग येतो. तुमचं पाणी बघा, कसं आहे?" पाणी स्वच्छ होतं. निळा फक्त तेलात होता, पाण्यात टिपूसही उतरला नव्हता. रंगारी माणसाला हे कळायला हवं होतं. त्यांच्या हौदातला कुठलाही निळा पाण्यात पडला की पाण्याचाच होऊन जायचा. हा मात्र पाण्याच्या डोक्यावर बसून राहिला होता, ओळख नसल्यासारखा.

काकांनी बाईंच्या परसातला पुदिना तोडून त्याच भांड्यात घातला. तेल आलं फिकट, जवळजवळ पाण्यासारखं. भांडं निर्दोष सुटलं. आता संशय घ्यायला कोणीच उरलं नाही आणि काकांना जेवण जाईना.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण काचेत करून बघू." काका अडून बसले, "तुम्ही आधी सांगा तर खरं काय आहे ते." बाई म्हणाल्या, "सांगितलं तर तुम्ही ऐकाल. दाखवलं तर बघाल. तुमचा कानांपेक्षा डोळ्यांवर विश्वास जास्त आहे."

शेतकीशाळेच्या प्रयोगशाळेत सुट्टीचा दिवस होता. बाकं रिकामी, खिडक्यांतून भरपूर ऊन. बाईंनी काचेचा गोल चंबू घेतला, काचेची नळी जोडली, तिच्याभोवती गार पाण्याचं काचेचं वेष्टन. सगळं आरपार दिसणारं. काकांनी प्रत्येक तुकडा उजेडात धरून तपासला, रुमालाने पुसून पुन्हा तपासला. फुलंही त्यांनी स्वतः निवडली. एक एक उलटून पाहिलं, पाकळी पांढरी, गुंडी पिवळी, देठ हिरवा. निळ्याचं नाव नाही.

चंबूखाली ज्योत लावली. पाणी उकळलं. वाफ फुलांतून वर चढली, पांढरी, नेहमीसारखी. ती काचेच्या नळीत वळली, गार पाण्यापाशी आली, काचेवर दव जमलं. आणि त्या दवात, काकांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, उन्हात, निळा आला.

आधी धाग्यासारखी एक रेघ. मग ती काचेवरून घसरत खाली आली, टोकाशी थांबली, फुगली आणि टपकन पडली. मागून दुसरी आली. नळीच्या एका बाजूला पांढरी वाफ, दुसऱ्या बाजूला निळा थेंब आणि मधे फक्त काच. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नंतर हळूच बाकावर बसले.

"बाई," ते म्हणाले, "हा आला कुठून?"

"फुलात एक द्रव्य असतं, त्याला रंगच नसतो. वाफेच्या उष्णतेने ते मोडतं आणि त्यातून हे निळं तयार होतं. फुलात शोधलंत तर सापडायचं नाही. ते आत्ता झालं. तुमच्यासमोर."

"म्हणजे तासाभरापूर्वी हा रंग नव्हता?"

"नव्हता."

"कुठेच नव्हता?"

"या फुलांत तरी कुठेच नव्हता."

चाळीस वर्षं त्यांनी रंग इकडून उचलून तिकडे नेला होता. पुडीतून पाण्यात, पाण्यातून कापडात. जन्माला येताना एकही पाहिला नव्हता. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी बाक सोडलं नाही. घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू फुलं चाळत होत्या. "म्हणजे तुम्ही मोरीत ओतलंत ते चांगलंच होतं," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "सगळ्यात चांगलं होतं." मग दोघंही हसले. हसता हसता काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की चार चमच्यांचं, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी हाती लागलं ते एका छोट्या बाटलीत मावलं. काकांनी ती खिडकीत ठेवली, अगदी ऊन पडेल तिथे. सकाळी उन्हात ती पेटल्यासारखी दिसायची. गल्लीतले लोक बघून जायचे. महिन्याभराने काकांना वाटलं, डोळ्यांना भास होतोय. बाटली हिरवट दिसत होती. पुढच्या महिन्यात ती तपकिरी झाली.

"कच्चा रंग!" काका स्वतःवरच चिडले. "जन्मभर रंग विकले मी. ऊन रंग खातं हे गिऱ्हाइकाला रोज सांगितलं. आणि स्वतः खिडकीत ठेवला!"

बाईंनी समजावलं, या तेलाला उजेड चालत नाही, हवाही नाही. काळपट काचेची बाटली गळ्यापर्यंत भरायची, बूच घट्ट, कपाट थंड. म्हणजे जो रंग बघायला जीव आसुसतो, तो टिकवायचा तर बघायचाच नाही. काकांना हे फार खोल लागलं. त्यांनी हौदांवरच्या जुन्या फळ्या काढून त्यांचं एक बंद कपाट केलं.

पुढच्या वर्षी त्यांनी संपूर्ण जमिनीवर फुलं लावली. नळीभोवतीचं पाणी फार गार झालं की दाट तेल नळीलाच चिकटतं, हेही त्यांना ठेचा खाऊन कळलं. पिंपातल्या पाण्यात बोट बुडवून ते बरोबर ओळखू लागले. हौदाच्या पाण्याचा अंदाज घेणारं बोटच ते, त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही.

एकदा त्यांनी बाटली डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी वास घेतला, भुवया उंचावल्या. "सूज, लाली, खाज यांवर हे वापरतात, खरं आहे. पण नुसतं लावू नका. साध्या तेलाच्या वाटीत दोन-चार थेंब, आधी कोपराच्या आत लावून दिवसभर थांबा. काहींना हेच फूल सोसत नाही. आणि माझं मलम बंद करायचं नाही." काकांनी शब्दन् शब्द पाळला. काकू रोज संध्याकाळी त्यांच्या हातांना ते पातळ केलेलं तेल चोळायच्या. दोन महिन्यांत भेगा मिटल्या, पेरं वाकू लागली. काकांनी श्रेय तेलाला दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेल असेल, मलम असेल, हौद बंद केलेत तेही असेल. मी पैज लावणार नाही. पण लावत राहा." काकूंना वेगळाच फायदा झाला. चोळता चोळता त्या वासाने त्यांनाच जांभया यायच्या आणि वर्षानुवर्षं कुशी बदलणाऱ्या काकू आठाच्या ठोक्याला पेंगू लागल्या.

हळूहळू साबण आणि मलमं करणारी एक बाई दुसऱ्या शहरातून येऊ लागली. तिने पहिल्यांदा काचेच्या पट्टीवर थेंब घेतला तेव्हा ती नुसती बघत राहिली. काकांना ती त्याच क्षणी आवडली. दराचं बोलणं काकूंनी केलं आणि चोख केलं. कालव्यापलीकडच्या आणखी दोन चोपण तुकड्यांवर आज पांढरी फुलं आहेत, बी काकूंनी दिलेलं. देताना त्या प्रत्येकाला बजावतात, "नाकाशी नेऊ नका."

पण इतक्या वर्षांत एक गोष्ट झाली नव्हती. काकूंनी रंग जन्मताना पाहिलाच नव्हता. तेल निघायचे दिवस आणि तोडणीचे दिवस एकच, त्यामुळे पहिला थेंब पडायचा तेव्हा त्या शेतात असायच्या. परत येऊन भरलेली बाटली बघायच्या आणि म्हणायच्या, "निळं काय नि हिरवं काय, किती निघालं ते सांगा." काका बोलावून बोलावून थकले.

या हंगामात काकूंचा गुडघा धरला. तोडणी शेजारच्यांनी केली आणि काकू पाय लांब करून भट्टीसमोर खुर्चीत बसल्या, हातात उसवलेला सदरा घेऊन. काकांनी नळीचं शेवटचं टोक यंदा काचेचं करून घेतलं होतं. भट्टी पेटली. काकू टाके घालत होत्या, मधूनच पिंपातल्या पाण्यावरून काकांना सूचना करत होत्या. काचेवर दव धरलं. काका नळीकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

सुई हवेतच थांबली.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, अगदी हळू. खुर्ची त्यांनी पुढे ओढली, दुखऱ्या पायासकट. थेंब टोकाशी फुगला, त्यात खिडकीचं ऊन शिरलं आणि तो पडला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. दुसरा पडला. तिसरा पडला. काकांनी चहा आणून शेजारी ठेवला, तो तसाच निवला.

"अहो," खूप वेळाने त्या म्हणाल्या, नजर न हलवता, "हे दरवर्षी असंच होतं?"

"दरवर्षी."

"आणि मी फुलं तोडत बसले!"

काकांनी आपलं स्टूल ओढलं आणि काकूंच्या खुर्चीला लावून बसले. दुपार टळेपर्यंत दोघंही त्या काचेच्या टोकाकडे बघत होते. सदऱ्याची बाही त्या दिवशी अर्धीच शिवून झाली.